बाईसाहेबांचा उजवा पाय

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. धंदा शिस्तीत करायचा तर नोंद हवी.
आमच्या घोडीला घरात सगळे बाईसाहेब म्हणतात, कारण खरारा झाल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. आज वखारीतून फळ्या घेऊन निघताना जरा लंगडल्या. पुढचा उजवा पाय टेकला की मान खाली. म्हणजे उजवा दुखतो. सरळ आहे. ही म्हणाली, अहो, मला तर डावा वाटतोय. माझा जन्म लगाम धरण्यात गेला. हसून सोडून दिलं.

४ फेब्रुवारी
उजव्या गुडघ्याला मालिश, शेक, वर लोकरीचा पट्टा. एकदम प्रोफेशनल. पट्टा हिच्या जुन्या स्वेटरचा. तिला माहीत नाही.

६ फेब्रुवारी
कळलं.

९ फेब्रुवारी
लंगडणं कमी नाही. पण वाढलेलंही नाही. (थोडं वाढलंय.) दोष रस्त्याचा. असल्या खड्ड्यांत माणूससुद्धा लंगडेल. उद्यापासून खेपेला निम्म्याच फळ्या. आज वखारवाल्याने फार गळ घातली म्हणून नेहमीएवढ्या.

१२ फेब्रुवारी
हिने परस्पर जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. वयाने माझ्या मुलीएवढ्या. मला घोडीबरोबर अंगणभर पळायला लावलं. घोडीला नाही, मलाच धाप लागली. मग म्हणाल्या, काका, पाय डावा आहे. दुखरा पाय टेकताना घोडं मान वर उचलतं, चांगल्यावर भार टाकताना खाली घालतं. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत अस्तर असतं, कूर्चा. सांध्यातली ती झिजायला लागलीय आणि एकदा गेली की परत येत नाही. आत्ता पूर्ण विश्रांती द्या, हलकी कामं अजून बरीच वर्षं करेल. नाहीतर उभं राहणंही जड जाईल.
मी वाद घातला नाही. नवीन आहेत, शिकतील. खबरदारी म्हणून पट्टा तेवढा अजून घट्ट केला. उजव्यालाच. हिने स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवली.

१३ फेब्रुवारी
विश्रांती सुरू. पक्का निर्धार. महिनाभर गाडी जागची हलणार नाही.
दुपार. चाकांना ग्रीस. लगाम पुसला. अंगणात फेऱ्या. लगाम परत पुसला.
संध्याकाळ. ही म्हणाली, विश्रांती घोडीला सांगितलीय ना, मग तुम्ही तिच्या डोक्याशी का नाचताय? एका जागी बसा की.
बसलो. उठलो.

१५ फेब्रुवारी
सुचलं! चाकाला ग्रीस लागतं, मग सांध्याला का नको? खुराकात वाटी वाटी तेल. दोन वेळा. डॉक्टरांना हे कसं सुचलं नाही?

१६ फेब्रुवारी
तबेला धुतला. पुन्हा धुतला. तेल बंद.

१९ फेब्रुवारी
वखारवाल्याचा निरोप. दुसरी गाडी बघू का म्हणतो. दुसरी! जेवण गेलं नाही.
फार उभं राहूनही सांधे आखडतात, म्हणून बाईसाहेबांना फिरवून आणलं. गाडी जोडली, नाहीतर त्यांना करमत नाही. वाटेत वखार लागली. रिकामं परतणं बरं दिसेना. चारच फळ्या.

२१ फेब्रुवारी
ही बहिणीकडे गेलीय. घरात शांतता. फिरायला गेलो. फळ्या चारापेक्षा जास्त, ओझं म्हणावं इतक्या नाहीत.

२४ फेब्रुवारी
फिरणं मानवतंय. तोंडावर तेज आलंय. पूर्ण खेप. मान वरखाली होते, पण ती तर चालताना प्रत्येक घोड्याची होते. ही आली. पट्ट्यावर लाकडाचा भुसा दिसला. मी म्हणालो, वारा आहे.

२६ फेब्रुवारी
चढावर थांबल्या. चाबूक नुसता दाखवला. निघाल्या आणि पुढच्या दोन्ही गुडघ्यांवर खाली आल्या. फळ्या रस्ताभर. लोक जमले. सगळ्यांना सांगत सुटलो, दमलीय हो, दमलीय. बकलं सुटेनात. गाडी तिथेच टाकली. घर जवळ, पण पोचेपर्यंत अंधार पडला. तिचा चौथा पाय जमिनीला लागतच नव्हता. कुठला, ते बघितलं नाही.

२७ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी डावा गुडघा वाकवला. आत काहीतरी करकरलं. मलाही ऐकू आलं. म्हणाल्या, काका, आता ओझं कधीच नाही. अंगणात हळूहळू फिरेल, दुखलं की औषध द्यायचं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. मी विचारलं, आणि उजवा? म्हणाल्या, उजवा ठणठणीत आहे, त्याच्यावरच तर उभी आहे.

५ मार्च, सकाळ
वखारीला आता टेम्पो लागलाय. निर्धार केला, साज खुंटीवरून काढून माळ्यावर टाकायचा. काढताना वाजला. बाईसाहेब अंगणाच्या टोकाला होत्या. आवाज ऐकून लंगडत, थांबत, माझ्यापर्यंत आल्या आणि साज घालायला मान पुढे करून उभ्या राहिल्या. नको म्हणालो. त्यांना कळेना. ही मागून आली, साज माझ्या हातातून घेऊन आत गेली.
निदान पट्टा बदलावा म्हणून खाली बसलो. सवयीने हात उजव्या पायाला लागला. शहाण्या जनावराने तो लगेच उचलून माझ्या हातात दिला. सगळा भार दुसऱ्यावर आला आणि मान झटक्यात वर गेली.
पाय डावा आहे.