तीनशे बारा नोंदींची एक नोंद

शनिवार, ६ मे

"नोकरी करून शिकणाऱ्या माझ्या दोस्तांनो! कचेरीत आपल्याला 'या वयात पाटी-पेन्सिल?' म्हणून हसतात, आणि इथं वर्गात 'नोकरदार माणसं, तुमच्याकडून कितीशी अपेक्षा ठेवायची' म्हणून कीव करतात. दोन्हीकडे आपण अर्धेच! अर्ध्या माणसांकडून पूर्ण फी, पूर्ण हजेरी, पूर्ण प्रकल्प मात्र हवा!"

— हे मी आज चहाच्या सुटीत, खुर्चीवर उभं राहून. प्रकल्प सोमवारी सकाळी आठला जमा करा म्हणे! सोमवारी सकाळी आठला वर्गातले एकतीसच्या एकतीस जण कामावर असतात. सरांनी मुदत बारा तासांनी वाढवली. बारा तास! पण टाळ्या काय पडल्या! माझ्या सत्तेचाळीस वर्षांपैकी वीस वर्षं संघटनेच्या सभा गाजवण्यात गेली, तरी टाळ्यांची भूक काही जात नाही.

टिंब मात्र टाळ्या वाजवत नव्हता. शेवटच्या बाकावर बसून आमच्याच प्रकल्पाचा कोड लिहीत होता. टिंब म्हणजे माझा जोडीदार. दिवसा कुठल्याशा टेलिफोन कंपनीची यंत्रं सांभाळतो. वय असेल तिशीच्या आत. कितीही लांब निरोप पाठवा, उत्तरात एक टिंब येतं. म्हणजे 'वाचलं'. म्हणून मी नाव ठेवलं टिंब. त्याला ते ठाऊक आहे. एकदा हसला होता.

आमच्या प्रकल्पाचं नाव 'विसावा'. बसचालकांच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम. कुणालाही आठ तास झोप मिळाल्याशिवाय पुढची पाळी लागणार नाही. कल्पना माझी. बसच्या कचेरीत वेळापत्रकं करता करता याच आठ तासांसाठी मी वीस वर्षं घसा फोडला. कोड त्याचा. अहवाल, पडद्यावरच्या सूचना, मदतीची पानं माझी. वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली.

रविवार, ७ मे

जमा केलं!

पण आधी एक काम उरकलं. आमच्या कोडच्या कोठारात प्रत्येक बदलाची नोंद राहते. कुणी केला, कधी केला आणि का केला. 'का' आपण आपल्या शब्दांत लिहायचं. मी आज पहिल्यांदाच ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली. तीनशे बारा नोंदी. माझ्या मोजून अठरा, त्याही परिच्छेद पाडून लिहिलेल्या. उरलेल्या सगळ्या टिंबच्या, आणि प्रत्येकीत 'का'च्या जागी — एक टिंब! टिंब, टिंब, टिंब. पडद्यावर मुंग्या लागल्यासारखं दिसत होतं. आणि हे परीक्षक वाचणार?

शोधल्यावर उपाय सापडला. 'स्क्वॉश' म्हणतात. सगळ्या नोंदी दाबून एकच करायची. केली. मग त्या एका नोंदीचं वर्णन लिहायला बसले. चाळीस मिनिटं लागली. चांगलं उतरलं आहे, झोपेच्या हक्कापासून सुरुवात केली. शेवटी यंत्रानं विचारलं, जुन्या नोंदींची शाखा आता लागणार नाही, पुसू का? पूस म्हटलं. घर झाडून काढल्यावर वाटतं तसं वाटलं.

नवरा डोकावला. "झालं का बाळंतपण?"

"झालं. सुखरूप."

टिंबला कळवलं, 'सगळं नीटनेटकं करून दिलं.' उत्तर आलं: टिंब.

मंगळवार, ९ मे

सादरीकरण झालं. मी वीस मिनिटं बोलले. पहाटे चारला उठून बस काढणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपासून सुरुवात केली. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

सरांनी एकच अवघड प्रश्न विचारला, तोही टिंबकडे बघून. एकाच वेळी अनेक चालकांवर दोन-दोन पाळ्या चढत असतील तर प्रोग्राम कुणाची पाळी आधी हलवतो? टिंबनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मी उत्तर दिलं. ज्याची झोप सर्वांत कमी झाली आहे, त्याची! सर मान डोलावत म्हणाले, "वा."

टिंबनं तोंड मिटलं.

गुरुवार, ११ मे

गुण लागले. मला ब्याण्णव. वर्गात पहिली!

टिंबला शून्य. शेरा: 'सहभाग आढळला नाही.'

टेबलाशी बसल्या जागी कळलं. सर गुण देण्याआधी एक आज्ञा चालवतात. कोडची कुठली ओळ कुणी लिहिली ते ती सांगते. आज्ञेचं नाव 'ब्लेम'. दोष कुणाचा, हे शोधायला केलेली ती आज्ञा, सर तिनं श्रेय मोजतात. आणि रविवारी मी तीनशे बारा नोंदी दाबून एक केली, ती माझ्या खात्यातून. आता ओळ न् ओळ माझ्या नावावर. जुनी शाखाही मीच पुसलेली. झाडून काढलं म्हणे!

फोन केला. तो म्हणाला, "हं." मग, "ताई, दाबायच्या आधी विचारायचं होतं."

"अरे, तुझ्याकडे जुनी प्रत असेल ना?"

"आहे. कामावरच्या मशिनवर."

"मग सरांना दाखव की!"

"दाखवली तर कामाच्या वेळात अभ्यास करत होतो हे दिसेल. मागच्या महिन्यात आमच्याकडे एकाला त्याच्यावरूनच घरी बसवलं."

हा विषय तो दुसऱ्यांदा देतो आहे. तिसऱ्यांदा बसू देत नाहीत, नाव कापतात. हरकत घ्यायची मुदत शनिवार वीस तारीख. प्रत तो दाखवू शकत नाही. म्हणजे बोलू शकणारी एकटी मी.

"काळजी करू नकोस," म्हटलं. "उद्याच बोलते सरांशी."

शुक्रवार, १२ मे

नाही बोलले. कचेरीत काम होतं. — खोटं. काम नव्हतं.

शनिवार, १३ मे

सरांच्या खोलीत गेले. ते उठून उभे राहिले. माझ्यासाठी! नव्या तुकडीच्या स्वागताला मी बोलावं अशी त्यांची इच्छा आहे. "नोकरी करून शिकता येतं याचं तुम्ही जिवंत उदाहरण."

मी म्हटलं, "बघते." मग म्हटलं, "सर, त्या प्रकल्पात त्याचंही थोडं काम आहे."

थोडं!

वीस वर्षं शब्दांवर जगले. एकेका शब्दावरून व्यवस्थापनाला रात्र रात्र बसवून ठेवलं. आणि आज ऐन वेळी तोंडातून कुठला शब्द बाहेर पडला, तर थोडं.

सर हसले. "बांडगुळं प्रत्येक गटात असतात, ताई. तुम्ही मोठ्या मनाच्या."

आणि मी? मीही हसले. खाली मान घालून, मोठ्या मनाची बाई हसेल तशी.

बाहेर पायऱ्यांवर टिंब बसला होता. नुसता बघत होता. मी म्हटलं, "बोलणं सुरू आहे." तो म्हणाला, "बरं."

रविवार, १४ मे

सकाळपासून आमचा कोड वाचते आहे. पहिल्यांदाच! लेकीला वाटलं आई अभ्यास करते. करतच होते म्हणा. माझ्या ओळी वेगळ्या काढल्या. एकशे सहा. त्यातल्या नव्वद म्हणजे पडद्यावरच्या सूचना. 'कृपया पुन्हा प्रयत्न करा.' 'आपली विनंती नोंदवली आहे.' बाकीच्या साडेचार हजार त्याच्या, आणि त्यातल्या निम्म्या मला धड कळतही नाहीत.

जेवताना घरात सांगून टाकलं. लेक हातातला घास तसाच धरून म्हणाली, "म्हणजे आई, आयत्या बिळावर नागीण?" बापाकडे बघून दोघं हसली. मी हसले नाही तेव्हा गप्प झाली.

नवरा गॅरेजवाला माणूस. तो म्हणाला, "इंजिन त्या पोरानं बांधलं. पाटी तू रंगवलीस. पाटीचंही काम असतं गं, नाही असं नाही. पण गाडी तुझी म्हणून कशी लावलीस?"

भडकले. म्हटलं, मी मुद्दाम केलं का? यंत्रातल्या खाचाखोचा मला काय ठाऊक? दोष मोजण्याच्या पद्धतीचा आहे! माणसाच्या कामाची किंमत ओळी मोजून करणारी ही व्यवस्थाच— असं वीस मिनिटं. शेवटी तो म्हणाला, "बरं बाई, तू म्हणतेस तसं," आणि ताट घेऊन उठला.

वादात मी जिंकले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या लबाडीची वकिली करून जिंकले! लाज वाटली. पण सरांना फोन करण्याइतकी नाही. ती नक्की किती वाटावी लागते?

मंगळवार, १६ मे

कचेरीत अभिनंदनं चालूच आहेत. आज कार्यशाळेतला जुना फिटर मुद्दाम दोन जिने चढून वर आला. सहा वर्षांपूर्वी त्यानं ब्रेकचा एक खिळा सुधारला होता आणि साहेबानं स्वतःच्या नावावर वर कळवला होता. मी फाटकावर सभा घेतली, साहेबाला माफी मागायला लावली. फिटरला अजून शब्द पाठ आहेत! म्हणाला, "बाई, तुम्ही म्हणाला होतात, घाम पुसता येतो, पण ज्याचा घाम त्याचं नाव पुसू नका. आमच्या घरात अजून म्हणतो आम्ही."

माझा हात हातात घेऊन गेला. मी प्रसाधनगृहात जाऊन तोंड धुतलं. दोनदा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी किती जणांना फेकून मारली असेल!

तरीही संध्याकाळी वर्गात सर समोर असताना वही उघडून बसले.

का? लिहूनच टाकते. इथं कोण वाचतंय. मला बाद होण्याची भीती नाही. फिटर पुन्हा दोन जिने चढून येणार नाही, ही भीती आहे.

गुरुवार, १८ मे

टिंबचा निरोप. 'ताई, शनिवार शेवटचा'

शेवटी टिंबसुद्धा नाही.

शनिवार, २० मे

बोलले. सगळ्या वर्गासमोर.

सरांना म्हटलं, दोन मिनिटं द्या. घेतली अकरा. सगळं सांगितलं. स्क्वॉश, पुसलेली शाखा, 'थोडं' हा शब्द, एकशे सहा ओळी, सगळं. फिटरची गोष्ट सांगताना आवाज फुटला. खोटा नव्हता तो. पण तो फुटला ती जागा बरोबर होती, आणि ती बरोबर आहे हे मला कळत होतं. शेवटी म्हणाले, "आज आरोपीही मीच आणि फिर्यादीही मीच!"

वर्ग उभा राहिला. टाळ्या! शाळेत शिकवणारी पुढच्या बाकावरची मैत्रीण रडत होती. सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, असा प्रामाणिकपणा या भिंतींनी पाहिला नाही. टिंबलाही ब्याण्णव दिले. माझे ब्याण्णव तसेच ठेवले. स्वागताचं भाषण आता मी करायलाच हवं म्हणाले, आणि विषय ठेवायचा 'प्रामाणिकपणा'.

लोक माझ्याभोवती. दहा मिनिटं तरी. मग तो दिसला, दाराशी, पाठीला पिशवी अडकवून.

"झालं ना रे सगळं नीट?"

"हो ताई. नाव राहिलं माझं. उपकार झाले." हे तो मनापासून म्हणाला.

"मग चेहरा असा का?"

त्यानं पट्टा खांद्यावर सारखा केला. "नाही, काही नाही. एवढं सगळं झालं, पण 'विसावा' चालतो कसा ते अजूनही कुणी विचारलं नाही." मग जरा थांबून, "सरांनी विचारलं होतं त्या दिवशी. त्याच्यावर मी दोन महिने घालवले होते. तुम्ही बोललात."

आणि गेला. बसची वेळ झाली होती त्याची.

रविवार, २१ मे

सकाळी त्याला फोन केला. म्हटलं, सांग. अनेक चालकांवर दोन-दोन पाळ्या चढल्या तर तुझा प्रोग्राम काय करतो? मी मध्ये बोलणार नाही.

आधी "काही विशेष नाही" म्हणाला. मग सुरू झाला. दीड तास! टिंब! मी वहीत लिहून घेत होते. तीन वेळा मध्ये बोलायला तोंड उघडलं, तीन वेळा ओठ चावला. लेक दारात उभी राहून आश्चर्यानं बघत होती. आई गप्प बसली आहे हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

निम्मंच कळलं असेल. पण एक गोष्ट लख्ख कळली. ज्याची झोप सर्वांत कमी झाली त्याची पाळी आधी हलवतो, असं मी सरांना छातीठोक सांगितलं होतं. प्रोग्राम तसं करतच नाही. त्यानं आधी तसंच करून पाहिलं होतं. आठवड्याभरात हलवलेल्या सगळ्या पाळ्या वेळेवर झोपणाऱ्या दोन-तीन भल्या माणसांच्या गळ्यात पडायला लागल्या. मग ते मोडून त्यानं दुसरंच रचलं, कितीतरी शहाणं. म्हणजे वर्गासमोर मी ठोकून दिलं ते चूक होतं. त्या चुकीला 'वा' मिळालं.

"तू तेव्हाच का नाही बोललास रे?"

"तुमचं ऐकायला बरं वाटत होतं," तो म्हणाला.

सोमवार, २२ मे

सकाळी सरांना पाठवलं. तीन वेळा लांबलं, तीन वेळा खोडलं. गेलं ते एवढंच:

सर, सादरीकरणात तुमच्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं. त्या प्रोग्रामचं मला काहीच येत नाही. मला नापास करा.