तिसऱ्या दिवसाचं तळं

प्रिय बाळ्या,

तुझा सहलीचा बेत पोचला. आठ दिवस, तीन तळी, मग डोंगर आणि शेवटी समुद्रकाठची चार गावं, सगळं रंगीत पेनाने नकाशावर आखलेलं. तुझ्या आईने तो कागद फ्रिजवर लावला आणि येताजाता त्याच्याकडे बघून हसत होती. मी मात्र आधीच सांगून टाकतो, तिसरा दिवस रद्द कर. ते लाकडी बंगल्यांचं तळं नको. सूनबाईने नाही, तू नाही आणि चिमणीने तर त्या पाण्यात पायसुद्धा घालायचा नाही. नुकतीच पोहायला शिकलीय, तेव्हा ती ऐकणार नाही हे मला माहीत आहे. का नको ते लिहितो, पण आधी सवयीप्रमाणे बाकीच्या गोष्टींना नाक मुरडून घेतो, म्हणजे हात जरा सैल होईल.

पहिल्या रात्रीचं हॉटेल. फोटोत चादर पांढरीशुभ्र आहे, कबूल. पण वरची ती जाड फुलाफुलांची रजई कुणी कधी धुतलेली तू पाहिलीस का? शी! मी माझं पांघरूण घेऊन येणार, सूनबाई हसली तरी चालेल. डोंगरावर तू जिथे सूर्योदय बघायला पहाटे उठवणार आहेस, तिथला कठडा हजारो हातांनी चिकट झालेला असतो आणि खाली दरीत धुक्यापेक्षा प्लास्टिक जास्त. समुद्रकाठच्या तिसऱ्या गावात तुम्ही वाळूत बसून मासे खाणार आहात. त्याच वाळूच्या टोकाला एक जाड पाइप समुद्रात उतरतो, तुझ्याच फोटोत डाव्या कोपऱ्यात दिसतोय, नीट बघ. मी आईला दाखवला, तर म्हणाली, तुम्हाला सूर्यास्तातही गटारच दिसायचं. दिसतं खरं, काय करू?

एकतीस वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत काढल्यावर माणसाचं असंच होतं. दिसायला नितळ पाणी बाटलीत घ्यायचं, काचेच्या थाळीत घालायचं, उबेत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यात काय उगवलंय ते मोजायचं. तुला आठवतं ना, कुणाच्याही घरी जाताना मी तुझ्या गळ्यात उकळलेल्या पाण्याची बाटली अडकवायचो. तुझे मित्र मला उकळेकाका म्हणायचे. तू माझ्यावर चिडायचास आणि तरी शाळेतल्या निबंधात लिहिलंस, की माझे बाबा पाण्याला खोटं बोलू देत नाहीत. बाईंनी त्या ओळीखाली लाल रेघ मारून 'छान' असं लिहिलं होतं. ती वही आईने अजून जपून ठेवलीय. मला ती कपाटात दिसली की मी दार लावून घेतो.

तर ते तळं. तिथे बंगले नवे होते तेव्हा मालकाला प्रमाणपत्र हवं होतं, की हे पाणी पोहायला चांगलं आहे. मी बंगल्यांसमोरच्या काठावरून नमुना घेतला, कारण लोक तिथेच डुंबतात. दुसऱ्या दिवशी थाळी उघडली आणि जेवणाचा डबा न खाताच बंद केला. माणसाची घाण होती रे त्यात, दुसरं काही नाही. बंगल्यांचे संडासाचे खड्डे चढावर आणि खाली तळं, मग दुसरं काय होणार? मी तसा अहवाल लिहून साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, बाजूला सारला आणि म्हणाले, जरा बऱ्या जागेवरून पुन्हा घेऊन या. मग हसत हसत विचारलं, यंदा तुमचं बदलीचं वर्ष ना? ते तुझं शाळेचं शेवटचं वर्ष होतं. पण मी हे तुझ्यावर ढकलत नाही, तू काही मागितलं नव्हतंस. बदली झाली असती तर एकटा जाऊन राहता आलं असतं, स्टोव्ह आणि वळकटी घेऊन. मी घाबरलो, एवढंच.

तिथल्या नावाड्याने मला होडीतून पार पलीकडच्या टोकाला नेलं. तिथे डोंगरातून ओढा तळ्यात उतरतो. मी सगळं अगदी नियमाने केलं, त्याचीच मला जास्त किळस येते. निर्जंतुक बाटली, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट न लावता उघडली, हातभर खोल बुडवली, बर्फाच्या पेटीत ठेवली आणि वेळेत प्रयोगशाळेत पोचवली. नावाडी म्हणालासुद्धा, साहेब, पोरं तर तिकडे डुंबतात, इथलं पाणी कशाला? मी पेटीचं झाकण लावलं. नोंदवहीत जागा लिहिली, ओढ्याचं मुख. प्रमाणपत्रावर जागेचा रकानाच नसतो, तिथे फक्त तळ्याचं नाव. म्हणजे बघ, एक अक्षर खोटं लिहिलं नाही! आणि आमच्याकडे एकदा वहीत जागा नोंदली की दरवर्षी नमुना तिथूनच घ्यायचा. निवृत्त होईपर्यंत अशा सात प्रमाणपत्रांवर मी सह्या केल्या. आता माझ्या खुर्चीवर एक हुशार मुलगी आहे. तीही माझी वही बघून इमानदारीने ओढ्याचंच पाणी आणते.

दुसऱ्या वर्षी गेलो तेव्हा नावाडी वल्हवता वल्हवता सांगत होता, की त्याची पोरगी तीन आठवडे दवाखान्यात होती. ताप, उलट्या, डोक्याचे केस गेले, पण वाचली. सात वर्षांची, म्हणजे आपल्या चिमणीएवढीच. त्याने मलाच विचारलं, साहेब, पाण्याने झालं असेल का हो? मी म्हणालो, बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल. त्याने मान हलवली, माझ्यावर विश्वास ठेवला आणि उतरताना माझी पेटीही उचलली. थू माझ्या जिनगानीवर!

आणि आता तुझ्या बेताच्या खाली तू तो फोटो चिकटवलास. त्या बंगल्यांच्या जेवणघराच्या भिंतीवर प्रमाणपत्रांची रांग, त्यातल्या माझ्या सहीभोवती लाल गोल आणि शेजारी तुझं अक्षर, 'बाबा, तुमच्या सहीचं तळं, म्हणून तर हे निवडलं!' मी न्हाणीघरात जाऊन ओकलो. आईला पित्त म्हणून सांगितलं. काल तिला खरं सांगितलं. तिने कागद फ्रिजवरून काढला, घडी घातली आणि चहाचा कप घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसली. प्रयोगशाळेला मी सही करून सगळं लिहून पाठवलंय, त्याची नक्कल सोबत आहे. माझ्या खुर्चीवरच्या त्या मुलीलाही तळ्यापाशी बोलावलंय. तुम्ही सरळ डोंगराकडे निघा, वाटेत मला एकट्याला तळ्यापाशी सोडा. बाटल्या आणि बर्फाची पेटी मी बांधून ठेवली आहे. या वेळी नमुना बंगल्यांसमोरून घ्यायचा, आणि नावाडी अजून तिथे असेल तर त्याच्या देखत. नंतर तुला माझं तोंड बघवलं, तर मला न्यायला ये.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण रविवारी तू फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला होतास आणि मागे सगळे हसत होते. त्यात चिमणी मध्येच ओरडली, आजोबा, तुमच्या तळ्यात मी उडी मारू ना? मी हो म्हणालो. इतकं सगळं माहीत असताना, बाळ्या, माझ्या तोंडून हो गेलं. तेव्हापासून फोन चार वेळा उचलला आणि चार वेळा खाली ठेवला. हे पत्र मिळाल्याबरोबर, आधी तिला जवळ घे आणि सांग, की आजोबा नाही म्हणाले.

तुझेच,
बाबा