निळ्या रंगाविरुद्ध युक्तिवाद

४ ऑगस्ट

चि. खारुताईस अनेक आशीर्वाद.

या पत्राने मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: माझ्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया तू रंग न वापरता करावीस.

पहिला मुद्दा गरजेचा. डोळ्याच्या पडद्याला मधोमध छिद्र पडले आहे आणि ते मिटावे म्हणून त्याभोवतीचा पापुद्रा सोलायचा आहे, हे मान्य. पण सोलायला हात लागतो, रंग नव्हे. घड्याळजी चाके रंगवून मग घड्याळ दुरुस्त करत नाही. दुसरा मुद्दा अपायाचा. डोळ्यात बाहेरचे कणभरही जाऊ नये असे आपण पोरांना शिकवतो आणि तू सुईने निळा रंग सोडणार म्हणतेस. तिसरा मुद्दा तू काढण्याआधी मीच काढतो. एकोणीस वर्षांपूर्वी आक्काच्या, म्हणजे तुझ्या आत्याच्या, याच दुखण्यावर रंगाशिवाय शस्त्रक्रिया झाली आणि त्या डोळ्याची मधली नजर परत आली नाही. परंतु ते रंगाअभावी नव्हे. डोळ्यात भरलेला वायूचा बुडबुडा छिद्रावर टेकून राहावा म्हणून सात दिवस मान खाली ठेव असे बजावलेले असताना बाईसाहेब खिडकीशी उभ्या राहून रस्ता पाहत होत्या. मी प्रत्यक्ष पाहिले. तेव्हा माझा उजवा डोळा शाबूत होता.

डावा लहानपणापासून अधू, त्यामुळे वाचन बंद पडले आहे. प्रत्येक शब्दाचे पोट गायब, माणसांना नाक नाही. आक्का विचारते, जेवतेस का वेळेवर. माया आहेच, उत्तर मुद्द्याला धरून यावे.

तुझा काका


९ ऑगस्ट

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

तुमच्या युक्तिवादात खोट नाही; गृहीतकात आहे. घड्याळजीला चाक दिसते. हा पापुद्रा केसाहून कितीतरी पातळ, पाण्यासारखा पारदर्शक आणि पडद्याला घट्ट चिकटलेला. तो कुठे संपला आणि पडदा कुठे सुरू झाला, हे सूक्ष्मदर्शकाखालीही धड कळत नाही. चिमटा जरा खोल गेला की पडदाच ओरबाडला जातो. निळा रंग पापुद्र्याला धरतो. क्षणभर ठेवून तो धुऊन काढतात. मग सोललेली जागा फिकी आणि राहिलेली निळी दिसते. पूर्वीच्या एका हिरव्या रंगाविषयी शंका होत्या, त्या तुम्ही शोधून काढल्याच असतील. तो मी वापरत नाही. निळाही मोजूनच घेते.

सातवीत मी बाबांच्या सहीचा सराव करून तो कागद फाडून टाकला होता. तुम्ही वहीच्या खालच्या कोऱ्या पानावर पेन्सिल आडवी घासलीत आणि चौदा सह्या वर आल्या. पेन्सिलीने त्या केल्या नव्हत्या, फक्त दाखवल्या. तेव्हा ही पद्धत तुम्हाला फार शास्त्रशुद्ध वाटली होती!

आत्याला फोन केला. ती म्हणाली, तुझ्या काकाला एकदा सांगून पाहिलं, पुन्हा सांगायला मला दुसरा जन्म लागेल. तिचे जुने कागद मागवते आहे. तुमचा डोळा मीच करीन, पण चाचपडत करणार नाही. रंग नको असेल तर दुसरा सर्जन बघा. यात बदल नाही, आणि छिद्र आपल्या वादासाठी थांबत नाही.

तुमचीच हट्टी पुतणी


१३ ऑगस्ट

चि. खारुताईस आशीर्वाद.

पेन्सिलीचा दाखला चांगला आहे; दाखला म्हणजे पुरावा नव्हे. तरी अट घालतो. आक्काचा पापुद्रा पूर्ण निघाला होता आणि दोष मान वर करण्याचाच होता असे कागदांवरून दिसले, तर तू माझे ऐकायचे. न दिसल्यास मी निमूट सही करीन. आक्का हसते आहे. कारण सांगत नाही.

काका


२० ऑगस्ट

ती. काकांस शि. सा. न.

कागद मिळाले. सर्जनने लिहिले आहे की नातेवाइकाच्या लेखी आग्रहावरून रंग वापरला नाही, पापुद्रा नीट दिसला नाही आणि छिद्राच्या वरच्या अंगाला राहून गेला. सोबत तो आग्रह टाचलेला आहे: दोन पाने, तुमचे अक्षर. त्यातही घड्याळजी आहे.

परिचारिकेचा तक्ताही आहे. सात दिवस, दर तासाला एक खूण, मान खाली. एकही खूण चुकलेली नाही. सातवा दिवस सोमवारी संध्याकाळी संपला आणि उठायची परवानगी मिळाली. भेटायला आलेल्यांच्या वहीत तुमची एकच सही आहे, ती मंगळवारची.

रंग वापरला असता तर छिद्र मिटलेच असते, असे मी म्हणणार नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही. पण आत्याने मान वर केली नव्हती, हे सांगता येते. हे त्याला कळवू नकोस, त्याला लागेल, असे ती म्हणाली होती. मी तिचे ऐकले नाही. दोन सप्टेंबरला सकाळी साडेसातला या. सहीचा कागद तयार ठेवते.

तुमची
खारुताई


२० ऑक्टोबर

चि. खारुताईस अनेक आशीर्वाद.

डोळ्यातला वायूचा बुडबुडा विरला आणि काल मी स्वयंपाकघरातल्या डब्यांवरची नावे सलग वाचली. त्यातले एक आक्काने चुकीचे लिहिले आहे. मी काही बोललो नाही.

सात दिवस मान खाली घालून काय होते, ते आता ठाऊक झाले. तिसऱ्या दिवशी मानेला कळ लागली आणि पाचव्या दिवशी मी चोरून वर पाहणार होतो. आक्का माझ्यासमोर जमिनीवर बसून खालून वर पाहत वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. म्हणाली, अरे, अजून दोनच दिवस, मला सवय आहे, मी सांगते ना. मी मान हलवली नाही.

तुझे सहकारी आक्काच्या कागदांतला माझा तो दोन पानी आग्रह कधी उघडतील तर त्यांना अपुरी माहिती मिळू नये, म्हणून सोबतचे निवेदन त्याला टाचून ठेव. तुझी आठवण या घरात रोज निघते, तेवढे पुरे समज.

निवेदन: मी खिडकी पाहिली, वार पाहिला नाही. त्या एका चुकीवर मी माझ्या थोरल्या बहिणीला एकोणीस वर्षे दोषी धरले. ती खरे सांगत होती.

सही: काका

(वरील मजकूर आक्काला मोठ्याने वाचून दाखवला. तिने ऐकून घेतला आणि चहा ठेवायला उठली.)