अर्धा मामा चालत नाही

१२ मार्च २००६, रविवार

टोल्यावर जाऊन आलो. चिचगडच्या पुढं, जंगलातला टोला, म्हणजे छोटी वस्ती. सहा वर्षं शिकवलं तिथं, मागच्या जूनमध्ये बदली होऊन आपल्या गावी आलो. वाटलं होतं, लोक ओट्यावर बसवतील, चहा पाजतील. कसलं काय. मोहफुलं वेचून आलेली माणसं मला पाहून दारं ओढून घेत होती.

मी सांगत होतो ते एवढंच : उन्हाळ्यात आमच्या गावी मुलांचं शिबिर घेऊन राहिलो. पोहणं, प्रयोग, गोष्टी. मुलं घराघरांत राहतील. पण त्याआधी दोन्हीकडच्या घरच्यांनी एकमेकांना पाहावं, बोलावं, चार ओळखी व्हाव्या.

शेवटी सुकवारोबाईनं तोंड उघडलं. "मास्तरजी, बायाइचं झालं. आता लेकराइचंबी आपरेशन करून राहिले का?"

डोक्यात उजेड पडला. इथं शिबिर म्हणजे नसबंदीचं. गाडी येते, बाया नेते, टाके घालून परत आणून सोडते. आणि मी शहाणा दारोदार विचारत होतो, घरी लेकरं किती.

सुकवारोबाईची फुलवंता खांबाआडून हसत होती. यंदा सातवीत आहे. अपूर्णांक तोंडी सोडवते ही पोरगी. टोल्यावरची शाळा सातवीला संपते, आठवी आमच्या गावात. आई म्हणते, पोरगी परक्या घरी निजणार नाही, विषय संपला. शिबिरापुरती तरी आमच्याकडे निजली तर आठवीचं बोलता येईल. सगळा खटाटोप खरं तर तिच्यासाठी. बाकीची मुलं आली तर सोन्याहून पिवळं.

१३ मार्च

सौ.ला सांगितलं. हसता हसता पोळी करपली. मग म्हणे, "उन्हाळ्यात लेकरं कुठं जातात? मामाच्या घरी. तेच म्हणा ना. शिबिर कायले म्हणता?"

इतकी वर्षं मास्तरकी करून मला सुचलं नाही. नाव ठरलं. मामाघर.

१९ मार्च

टेकचंदभाऊंच्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, बैठक. गावातलं सर्वांत मोठं घर, पोवारांचं. भाऊ बोलले की गाव बोललं असं समजायचं. मी सांगितलं, ज्या घरी मूल राहील ते त्याचं मामाचं घर. लोकांना आवडलं. पान फिरलं. एकानं विचारलं, पोरं कोनाची? टोल्यावरची, गोंडांची, मी म्हटलं.

अडकित्ते थांबले.

भाऊ म्हणाले, "मास्तर, मामा म्हनसान तं मामाचं सारं करा लागते. अर्धा मामा चालत नाही."

"मग करा की सारं."

"पाहू."

तेवढ्यात आतून भौजी, म्हणजे भाऊंची बायको : "न जेवन कोठी देनार?" चूल भौजींची, देव्हारा भौजींचा. तिथं भाऊंचंही चालत नाही. पोरांना जेवायला कुठं बसवायचं, आत की बाहेर, यावर बैठक उठली. माझं डोकं असं तापलं की दुसऱ्याच्या चपला घालून घरी आलो.

२० मार्च

चपला परत केल्या. भाऊ दारातच म्हणाले, पाच घरं तयार झाली, त्यात आपलंबी धरा. जेवणाचं ते बोलले नाहीत. मीही काढलं नाही. चांगलं चाललेलं कोण नासवेल.

२६ मार्च

पुन्हा टोला. मामाघर म्हटल्याबरोबर दारं उघडली. पेज मिळाली प्यायला, वर कैरीची फोड. एका म्हाताऱ्यानं तर, मला भाचा म्हणून घेता का, असं विचारलं. खूप हसलो.

त्याच भरात सुकवारोबाईला सांगितलं, फुलवंताचे मामा टेकचंदभाऊ. तिनं विचारलं, "त्याले पोरगा आहे का जी?"

आहे की, म्हटलं. गोंदियाला कॉलेजात. चांगला उंचपुरा, एकुलता एक.

बाईचा चेहराच उतरला. उठून आत गेली. फुलवंताला हाक मारून आत घेतलं ते पुन्हा कोणी बाहेर आलं नाही. पेजेचं भांडं हातात धरून मी अंगणात बसलेला.

काय चुकलं ते अख्ख्या रस्त्यात समजलं नाही.

२ एप्रिल

सौ.नं काढून आणलं. केशोरीच्या बाजारात सुकवारोबाई भेटली म्हणे, मोहफुलाची टोपली घेऊन. ही खुशाल तिच्या शेजारी जमिनीवर बसली आणि दुपारपर्यंत बोलत राहिली.

तर असं आहे. त्यांच्यात मामाच्या पोराचा भाचीवर पहिला हक्क. मामा म्हटलं की मागणी आलीच, आणि मामाला नाही म्हणता येत नाही. सुकवारोबाई म्हणाली, "आज मामा म्हनू, न उद्या त्याचा पोरगा दारात उभा रायला तं कोन्या तोंडानं नाही म्हनू?"

आणि मी वर पोराची उंची सांगून आलो. धन्य.

पण पाहा, आमच्या पोवारांत नेमकं उलटं. भाची म्हणजे देव. तिच्याकडून उष्टं ताट उचलून घेत नाहीत. पिकल्या केसांचा मामा रांगत्या भाचीच्या पायावर डोकं ठेवतो. तिला सून करायचं मनात आणणंसुद्धा पाप. एकच शब्द, मधलं जंगल ओलांडलं की पार दुसरा होतो. किती पिढ्या शेजारी राहून राहिलो आपण. आणि मी तर सहा वर्षं त्यांच्या ओट्यावर बसलो होतो, मलाही ठाऊक नव्हतं.

३ एप्रिल

भाऊंना सांगितलं. वाटलं, चिडतील. ते बांधावरच्या बाभळीकडे पाहत राहिले. मग : "तिले सांगा, माह्या घरी भाचीचे पाय धुतेत. तिले मागत नाही."

बरं, सांगतो, म्हटलं.

"तुमी नोको सांगू. तुमी सांगतलं का बिघडते. तिलेच आना इकडं. साऱ्याइलेच आना."

घ्या. पण खोटं नाही बोलले.

११ एप्रिल

सौ. टोल्यावर जाऊन आली. मला नेलं नाही. अकतीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सगळे येतील, असा निरोप आहे. सुकवारोबाई 'पाहायले येईन' एवढंच म्हणाली. पोरगी पाठवीन असं म्हणाली नाही.

३० एप्रिल, अकती

आजचं आजच लिहून ठेवतो.

सकाळी टोल्यावरून टेम्पो आला. आया, बाप, लेकरं, एक म्हातारी. तलावाच्या पाळीवर उतरले आणि तिथंच थबकले. इकडं आमचे लोक भाऊंच्या दारातल्या मांडवात, तिकडं ते पाळीवर. कोणी हलेना. मी मधे उभा, तोंडात 'या या' सोडून दुसरा शब्द नाही.

तेवढ्यात टेकचंदभाऊ उठले. पितळेची परात आणि तांब्या स्वतः उचलून पाळीपर्यंत गेले. फुलवंतासमोर मातीतच बसले. साठीचा माणूस, गुडघ्याचं दुखणं, पांढरं धोतर. ज्यांच्यासमोर गावातले लोक अजून खाटेवर बसत नाहीत, ते. म्हणाले, "पाय दे माय."

पोरीनं आईकडे पाहिलं. मग हळूच एक पाय परातीत ठेवला. टाचेला भेगा, नडगीवर रानातले ओरखडे. भाऊंनी पाणी घातलं, बोटांमधली माती काढली. पोरगी पाय ओढून म्हणाली, "गुदगुल्या होते जी." भाऊ म्हणाले, "होऊ दे." मग दुसराही धुतला, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पाय पुसले आणि त्यांवर डोकं टेकवलं. चांगलं टेकवलं, वरवर नाही. डोकं उचललं तेव्हा कपाळाला ओलं लागलेलं होतं.

आणि सुकवारोबाईकडे पाहून : "आमच्यात हे असं असते, बाई. भाचीपुढं मामा खाली."

ती पदर तोंडात धरून उभी होती.

मग बाकीचे चौघे मामा उठले. त्या बैठकीत 'पोरं कोनाची' विचारणारा सर्वांत पुढं. पराती कमी पडल्या, घमेलं आणलं. लेकरं हसत होती, ओरडत होती, माझे धुवा, माझे धुवा. टोल्यावरची म्हातारी रडायला लागली, तिला पाहून सौ.

मी काहीच केलं नाही. नुसता उभा होतो. असं काही ठरवून होत नाही. मी तर मुलांच्या पोहण्याचं ठरवलं होतं.

१ मे

काल पुढचं लिहायचं टाळलं. लिहितो.

पाय धुतल्यावर जेवण. टोल्यावरच्या लोकांची पंगत मांडवात, आमची आत, सपरीत. कोणी ठरवलं नाही, नेहमीसारखं आपोआप झालं. वाढायला गडी. भौजी चुलीपासून उठल्या नाहीत. जेवण चांगलंच होतं, वडा होता, सांभार होता. सुकवारोबाईनं चार घास खाल्ले आणि सपरीकडे पाहत बसली.

जाताना तिनं भाऊंना गाठलं. मी शेजारीच होतो. "पाय धुतले, लय झालं भाऊ. असं कोनी केलं नाही आमचं. पन पोरीचा मामा होयाच्या पहिले माहा भाऊ व्हा लागते ना? मंग बहिणीच्या घरी जेवायले या. मी रांधीन. तुमी जेवले का पोरगी पाठवीन."

भाऊ म्हणाले, "पाहू."

टेम्पो गेला. मला भाऊंचा राग आला, भौजींचा आला, पंगत बसताना मुकाट सपरीत जाऊन बसलो म्हणून स्वतःचाही आला.

९ मे

आठवडा झाला, भाऊ दिसले नाहीत. टोल्यावर तेंदूपत्ता सुरू, तिकडून निरोप नाही. बाकीच्या मुलांचं पक्कं आहे म्हणतात. पण फुलवंता नाही आली तर कशाचं मामाघर?

सौ.नं विहिरीवर ऐकलं, भाऊ न भौजी एकमेकांशी बोलून नाही राहिले.

१७ मे

भाऊ स्वतः घरी आले. खुर्ची दिली, बसले नाहीत. "पत्ता संपला का टोल्यावरचा?" संपत आला, म्हटलं. "चिचगडले सकारची बस कितीक वाजता?"

मी सांगितलं. सौ. आतून बाहेर येईपर्यंत ते फाटकाबाहेर पडलेले होते.

२१ मे

बस स्टँडवर भाऊ एकटेच असतील असं धरून चाललो होतो. भौजी आधीच येऊन बसलेल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत नवं लुगडं. भाऊ एका बाकावर, त्या दुसऱ्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "ननंदेच्या घरी पहिल्यांदा रिकाम्या हातानं जाते का कोनी?"

मी तोंड बंद ठेवलं. आयुष्यात फार कमी वेळा जमलं आहे.

सुकवारोबाईनं अंगण सारवून ठेवलं होतं. पळसाच्या पत्रावळी. भात, उडदाचं वरण, कैरीची चटणी. सगळा टोला कुडाच्या बाहेरून बघत होता. भाऊ बसले. पत्रावळीभोवती पाणी फिरवलं. पहिला घास हातात घेऊन थांबले. मग खाल्ला. दुसरा खाल्ला. म्हणाले, "चटनी झनझनीत आहे बाई. अजून वाढ."

भौजी पत्रावळीवर बसल्या नव्हत्या. कुडाशी उभ्या होत्या. मला वाटलं, झालं, आता इथंच अडणार. त्या पदर खोचून चालत गेल्या, सरळ सुकवारोबाईच्या चुलीपाशी. तिच्या हातातून पळी घेतली. "तू बस भावाजवळ. मी वाढतो." आणि भात वाढायला लागल्या. दुसऱ्याच्या चुलीवरचं पाणीही न घेणारी बाई. मग दोघी चुलीशीच बसून जेवल्या, एका पत्रावळीवर नाही, पण पत्रावळीला पत्रावळ लागलेली होती.

मी भात किती खाल्ला याचं भान राहिलं नाही. इतक्या वर्षांत समतेचे धडे कितीदा शिकवले असतील. असा एकदाही झाला नाही.

परतताना बसमध्ये दोघं एका बाकावर होते.

आठवीचं कोणीच काढलं नाही. मी काढणार होतो, सौ.नं जाताना दम दिला होता म्हणून गप्प राहिलो.

२८ मे

नवतपा चालू. सकाळी नऊला रस्त्यावर पाय ठेववत नाही. तसल्या उन्हात टोल्यावरची सगळी लेकरं आली. उद्यापासून मामाघर.

फुलवंता आईसोबत आली. सुकवारोबाईनं नवं लुगडं नेसलं होतं. भौजींनी पोरीला सरळ आत नेलं, देव्हाऱ्याच्या खोलीत, पंख्याखाली. खाट तिथंच टाकून ठेवली होती. भाऊंनी विचारलं, "उकडते का माय?" ती म्हणाली, नाही.

सुकवारोबाई भाऊंच्या घरी जेवली, सपरीत, सगळ्यांसोबत. पोरगी किती दिवस राहील, आठवीचं काय, हे तिनंही काढलं नाही. पोरीचे केस विंचरले आणि दुपारच्या बसनं गेली.

संध्याकाळी भौजींनी पोरीचं गाठोडं सोडलं, मी आणि सौ. तिथंच होतो. दोन फ्रॉक, एक टॉवेल, फणी. आणि तळाशी, नीट घडी घालून, जाड लाल ब्लँकेट. हिवाळ्यात टोल्यावर पांघरतात ते.

भौजींनी ते उचललं. भाऊंकडे पाहिलं, भाऊंनी माझ्याकडे. सौ.नं माझ्या पायावर पाय दिला.

मग भौजींनी ते पुन्हा तसंच घडी केलं, आपल्या पेटीत ठेवलं, डांबराच्या गोळ्या टाकून, आणि झाकण लावलं.