वस्तादांचा शिक्का

मार्कनॉयकिर्शेन, मंगळवार

प्रिय आईस,

तुझी दोन्ही पोरं धडधाकट आहेत. बटाट्याचे गोळे पोटभर मिळतात. तुझा गुडघा कसा आहे?

आपल्या लोथारने घडवलेल्या व्हायोलिनच्या गजावर वस्तादांनी परवा स्वतःच्या नावाचा शिक्का मारला. वर्षभरही झालं नाही त्याला इथे येऊन. माझे गज गेली चार वर्षं बिनशिक्क्याचेच विकले जाताहेत. मला काय, आनंदच आहे.

काल तो गजाची काठी आचेवर वाकवत होता. ती एकाच जागी तापत होती. मला दिसत होतं, पण मी तोंड उघडलं नाही. काठी करपली.

संध्याकाळी म्हणतो, "दादा, तुझं लक्ष असतं तर वाचली असती."

आई, धाकट्यावर लक्ष ठेव असं यापुढे मला लिहू नकोस.

तुझा थोरला,
गेर्विन