एक ओळ पानात मावत नाही

४ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
दादाचे पोटभर आशीर्वाद.

तुझा मजकूर मिळाला. फोनवर बोलायचं सोडून पत्राने पाठवलास हे बरं केलंस. प्रेसमधल्या ट्रेडल मशीनने माझे कान कधीच खाल्लेत, फोनवर मी नुसता हो हो करतो आणि मग घोळ होतात.

'बायांनो, आपली छाती आपण तपासा' हे पत्रक झकास लिहिलंयस. वाचताना तू समोर बसून दटावते आहेस असं वाटतं. अक्षरांचे सगळे खिळे जुळवून झाले, अडचण एकच आहे. एक ओळ पानात मावत नाही. खाली तुमच्या आरोग्य केंद्राचा पत्ता, वेळा आणि तुमच्या मोठ्या बाईंचं नाव हुद्द्यासकट आहे. त्याला हात लावायचा नाही असं तुझ्या प्रचार विभागाने बजावलंय. म्हणजे वरचंच काहीतरी जायला हवं. तुझी शेवटची ओळ अशी आहे, की हा आजार पुरुषांनाही होतो, छातीत गाठ लागली तर त्यांनीही दाखवून घ्यावं. हे खरं आहे का गं? मी तर पहिल्यांदाच ऐकलं. ही ठेवायची असेल तर दुसरं काय काढू ते कळव. तोवर छपाई थांबवून ठेवतो.

तुझ्या वहिनीने तुझ्यासाठी स्वेटर विणायला घेतलाय. एक बाही आतापर्यंत तीनदा उसवली. माणसाला दोन हात सारखे असतात यावर तिचा विश्वास नसावा.

लोभ आहेच, तो असाच वाहता राहू दे.
तुझा दादा


९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ओळ खरी आहे, पण असे शंभर रोगी घेतले तर त्यात पुरुष एखादाच. त्या एकासाठी पान कशाला अडवायचं? शिवाय बायकांच्या पत्रकात स्वतःचं नाव बघून पुरुष फिदीफिदी हसतील आणि बायकांनाही वाचायची लाज वाटेल. ती ओळ काढून टाक. मोठ्या बाईंचं नाव काढलंस तर त्या मला काढतील.

आणि तुला एवढी चौकशी कशाला रे? तुझ्या छातीवर केस आणि शाईचे डाग सोडून काही नाही हे मी लहानपणापासून बघतेय. वहिनीला मात्र पत्रक वाचायला लाव. आणि नुसतं वाचायला नाही, तपासायलाही. तिला सांग, बाह्या लहानमोठ्या असल्या तरी मी स्वेटर घालीन.

रागावू नकोस, आणि माया पातळ करू नकोस.
तुझी चिमणी


१३ फेब्रुवारी

चि. चिमणीस आशीर्वाद.

घाईत आहे. काल तुझं पत्र आलं, आज सकाळी ती ओळ काढली. जुळवलेले खिळे परत खणांत टाकताना जरा जिवावर आलं, पण तू म्हणालीस म्हणजे झालं. मशीन सुरू केलंय, शनिवारी पाच हजार पत्रकं रवाना करतो.

वहिनीने वाचलं, दार लावून तपासलंही. काही नाही. 'बायांनो' म्हटल्यावर तिला ऐकावंच लागलं, असं म्हणाली.

बाकी सगळं ठीक. लोभ राहू दे.
दादा


(पुढच्या वर्षीचं)
२० मार्च

चि. चिमणीस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुला कळवायचं नाही असं यांनी बजावलंय, तरी लिहितेय. मला एकटीला हे पेलवत नाही.

गेल्या महिन्यात धुताना यांच्या बनियनवर डावीकडे लाल ठिपका दिसला. मला वाटलं शाई. साबण लावून घासला, गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच, तेवढाच. चौथ्या दिवशी मी विचारलं, की सध्या प्रेसमध्ये लाल रंगाचं काय काम चाललंय? हे बेसावध होते. म्हणाले, या महिन्यात सगळं काळंच आहे. म्हणाले आणि सदऱ्याची वरची गुंडी लावायला लागले. मग मी सदरा काढायला लावला. त्यांच्या डाव्या छातीचं टोक आत ओढलं गेलंय आणि खाली सुपारीएवढी टणक गाठ आहे.

सगळ्या तपासण्या झाल्या. कॅन्सर आहे, आणि हाडांत उतरलाय. डॉक्टर म्हणाले, आता कापून उपयोग नाही, औषधांनी दिवस वाढतील तेवढे वाढवू. गाठ कधीपासून आहे असं त्यांनी विचारलं, तेव्हा यांनी खालमानेने सांगितलं, गेल्या वर्षीच्या जानेवारीत आंघोळ करताना पहिल्यांदा हाताला लागली. तेव्हा वाटाण्याएवढी होती. चौदा महिने, चिमणे! मी रोज या माणसाच्या शेजारी झोपतेय. स्वतःचं तपासलं, आणि यांना विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

तुझी बाही अर्धी राहिलीय. हात चालत नाही. माया असू दे.
तुझी वहिनी


२६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीवर चिडू नकोस. तिने कळवलं नसतं तर मी तिच्याशी जन्मात बोलले नसते.

जानेवारीत तुझ्या हाताला गाठ लागली आणि फेब्रुवारीत तू मला विचारलंस, हे खरं आहे का गं. दादा, तू पत्रकासाठी विचारत नव्हतास. तू स्वतःसाठी विचारत होतास, आणि मी तुझी थट्टा केली. तुझ्या छातीवर केस आणि शाईचे डाग सोडून काही नाही असं लिहिलं. तो कागद माझ्या हाताने लिहिला गेलाय आणि आता तो परत कुठून आणू? मी एक शब्द 'दाखव' म्हणून लिहिला असता तर तू वाटाण्याएवढ्या गाठीनिशी डॉक्टरकडे गेला असतास. हेच शिकवायचा पगार घेते मी. गावभर घरोघर सांगत फिरते आणि सख्ख्या भावाची ओळ काढून टाकते.

मला झोप नाही, अन्न गोड लागत नाही. तू मला शिव्या घाल. गप्प मात्र बसू नकोस.

तुझी, तू म्हणशील तर अजूनही,
चिमणी


५ एप्रिल

चि. चिमणीस,
दादाचे आशीर्वाद, नेहमीपेक्षा दोन जास्त.

आधी रडणं थांबव, अक्षर फिसकटलंय तुझं. मग नीट वाच. तुझं ते पत्र यायच्या आधीच मी ती ओळ काढून छापायला सुरुवात केली होती. तुला विचारलं ते रीत म्हणून. पत्र हातात पडलं तेव्हा गठ्ठे बांधूनही झाले होते. ओळ मी काढली, माझ्या हाताने, कारण ती वाचून मला घाबरायला झालं आणि घाबरलेल्या माणसाला ती गोष्ट नजरेआड झाली की बरं वाटतं. तुझा त्यात काडीचा संबंध नाही. विषय संपला.

आता इथल्या गमती. औषधासाठी जावं लागतं तो विभाग बायकांचा आहे. दारावर तसंच लिहिलंय. रांगेत आम्ही दोघं उभे राहिलो की नर्स तुझ्या वहिनीचा हात धरून तिला आत नेते. दोनदा नेलं! भरायच्या फॉर्मवर पाळी कधी सुरू झाली, मुलं किती वेळा झाली असं विचारलंय. मी सगळीकडे 'लागू नाही' लिहिलं. पाचव्या ठिकाणी लिहिताना मात्र हात थांबला. असं वाटलं, की या आजारात मी चोरून शिरलोय. बाकावर सगळ्या बायका. मी बसलो की त्या पदर, ओढणी सारख्या करतात. त्यांना तिथे तरी निवांत बसता यावं, म्हणून मी जिन्यात उभा राहतो. आणि त्या बाकाच्या वर भिंतीला काय लावलंय सांग! आपलं पत्रक. 'छाती'ची वेलांटी जरा तुटकी उठलीय, मला तेव्हा दिसली नव्हती.

तिथला तरुण डॉक्टर म्हणत होता, आता 'बायांनो' काढून 'सर्व व्यक्तींनी' असं लिहायला हवं. तसं करू नका, बाई. आयुष्यभर खिळे जुळवले, एवढं मला कळतं. 'सर्व व्यक्तींनी' असं वाचून कुणी मान वर करत नाही. तुझी वहिनी 'बायांनो' म्हटल्यावर उठली. मीही कदाचित उठलो असतो, कुणी 'बाबांनो' म्हटलं असतं तर. बायांचं काही काढून घेऊ नका. आमच्यासाठी थोडी जागा करा, एवढंच.

स्वतःला छळू नकोस. लोभ माझा आहे तो मी असेतो आहे, आणि पुढेही ठेवायची सोय बघतो.
दादा


१८ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मे महिन्यात तुला बघून आले तेव्हापासून पत्र लिहायला बसते आणि उठते. तुझं म्हणणं मला पटलं हे तोंडाने सांगायचं राहिलं, म्हणून लिहिते. ओळ तू काढलीस, मी नाही. आता मला झोप लागते.

नव्या पत्रकावरून आमच्याकडे रणकंदन झालं. मोठ्या बाई म्हणाल्या, बायकांसाठी म्हणून एवढी एक गोष्ट असते, त्यातही पुरुषांना घुसवायचं का? खोटं नाही बोलत त्या. बायका आधीच मागे राहतात, त्यांचं पत्रक आहे हे त्यांना वाटायलाच हवं. आमचा तरुण डॉक्टरही तुझ्या डॉक्टरसारखा 'व्यक्तीं'वर अडून बसला. मी तुझं पत्र काढलं आणि जिन्याची गोष्ट वाचून दाखवली. वाचताना माझा आवाज गेला, तर पुढचं मोठ्या बाईंनी हातातून घेऊन वाचलं. ठरलं ते असं: 'बायांनो, आपली छाती आपण तपासा. बाबांनो, तुम्हीही.' दोन्ही मोठ्या टाइपात, डोक्यावर.

मजकूर सोबत आहे. दुसरीकडे छापून घ्या असं वहिनी म्हणते, तू म्हणतोस मीच छापणार. तुमचं तुम्ही बघा.

माया कमी पडू देऊ नकोस.
चिमणी


२ जुलै

चि. चिमणीस आशीर्वाद.

पत्र वहिनी लिहितेय, बोलतोय मी. खिळे मी खुर्चीत बसून जुळवले. तीन दिवस लागले. एरवी दुपारभराचं काम. मशीन शेजारच्या प्रेसवाल्याने चालवलं.

पुन्हा एक ओळ पानात मावेना. या वेळी तुला विचारलं नाही. मोठ्या बाईंचं नाव काढलं. त्यांनी तुला कामावरून काढलं तर इकडे ये, प्रुफं तपासायला माणूस लागेलच.

पहिली पाच पत्रकं सोबत पाठवतोय. वेलांट्या सगळ्या नीट उठल्यात, बघ.

लोभ असू दे गं.
दादा


२१ सप्टेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादा गेल्यावर तुझ्याजवळ पंधरा दिवस राहिले, पण एक गोष्ट ओठांवर येऊन परत गेली. कागदावर तरी सांगते.

दादा मला म्हणाला, ओळ त्याने आपणहून काढली, माझं पत्र नंतर आलं. पण त्याचं तेरा फेब्रुवारीचं पत्र माझ्या पेटीत आहे. 'काल पत्र आलं, आज सकाळी ओळ काढली, तू म्हणालीस म्हणजे झालं.' त्याच्याच अक्षरात. लिहून ठेवलेलं विसरला आणि माझ्यासाठी खोटं बोलला. लहानपणी काच मी फोडायची आणि मार त्याने खायचा, तेच. मी पटलं म्हणून कळवलं, कारण ते ऐकून त्याला बरं वाटणार होतं. झोप लागते असं लिहिलं तेही खोटंच. वहिनी, शेवटी आम्ही भावाबहिणीने एकमेकांना एकेक खोटं दिलं, आणि दुसरं देण्यासारखं आमच्याकडे काही उरलंच नव्हतं. हे ओझं मी टाकणार नाही. ते माझंच आहे.

मोठ्या बाईंनी नाव गेल्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पत्रकं त्या स्वतः वाटत फिरल्या.

काल आमच्या खिडकीपाशी एक माणूस बराच वेळ घुटमळत होता. ट्रक चालवतो. समोर बायकांची रांग बघून दोनदा दारापर्यंत गेला आणि परत आला. मी हाक मारली तर खिशातून घडी घातलेलं पत्रक काढून माझ्यासमोर ठेवलं, 'बाबांनो'वर बोट ठेवलं आणि खाली बघत राहिला. मी त्याला जिन्यात उभं राहू दिलं नाही. बाकावर बसवलं. बायका जरा सरकल्या आणि त्याला जागा झाली. त्याची गाठ वाटाण्याएवढी आहे, डॉक्टर म्हणतात वेळेत आला. तो गेल्यावर मी आतल्या खोलीत दार लावून दादाला हाका मारल्या. त्याला कुठे ऐकू येतंय.

स्वेटर मिळाला. डावी बाही लांब आहे. अंगातून काढवत नाही.

पाकिटावर सवयीने तुझ्या नावाआधी 'सौ.' लिहिलं गेलं. खोडायला पेन उचललं आणि ठेवून दिलं. लोक काय म्हणतील ते म्हणोत, दादाचं म्हणून जे काही लिहिलेलं आहे, त्यातलं माझ्या हाताने आता काहीच काढायचं नाही.

तुझी माया मला लागते, ती देत राहा.
तुझी चिमणी