बाहेरची कडी

३ मे, शनिवार

तिकिटं निघाली! नऊ तारखेची. बारा दिवस रत्नागिरीला, दीक्षाकडे. लेक तिथं दवाखान्यात नर्स लागल्यापासून बोलावते आहे. बुद्ध पौर्णिमाही तिच्याकडेच होईल. आणि समुद्र! शाळेत समुद्राचा धडा मी पंचवीस वेळा तरी शिकवला असेल. स्वतः मात्र सिद्धेश्वर धरणाच्या पलीकडे पाणी पाहिलेलं नाही.

रजा मिळाली का, म्हणून यांना विचारलं. म्हणाले, "तीस वर्सं लोकायला गावाला सोडून राहिलो. आता आपुन शीटवर बसू." एसटीचा ड्रायव्हर माणूस. शीटवर बसूनही ब्रेक दाबत राहणार, मला माहीत आहे.

५ मे, सोमवार

आवराआवर. हळदीची पोती खाटेवर चढवली, उंदरांचा काय भरवसा. तांदळात कडुनिंबाचा पाला घातला. फ्रीज पुसून दार उघडं ठेवायचं आहे — विसरायचं नाही.

मिराबाई दूध घेऊन आली. तांड्यावरची. माझ्या लग्नाच्या आधीपासून या घरी दूध घालते. कोंबड्या नेशील का, एवढंच विचारलं होतं. तर म्हणाली, "कोंबड्या नेते. नळ आठ दिवसाला येतो, टाकी बी म्याच भरून ठिवते. आल्या आल्या हंडा घेऊन कुठं फिरशील, मास्तरीण?" मी पाण्याचं काही बोललेही नव्हते. आपल्याला किती जण सांभाळत असतात, ते घर सोडायच्या वेळी कळतं. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

६ मे, मंगळवार

आज स्वतःवरच हसले. वसमतहून चांगलं दणकट कुलूप आणलं, लावून बघावं म्हणून दाराशी गेले — तर दाराला बाहेरून कडीच नाही! अठ्ठावीस वर्षं या घरात नांदते आहे आणि हे आज कळलं.

कळणार कसं? घराला कुलूप कधी लागलंच नाही. सासूबाई घरी असायच्या. आम्ही आत्याबाई म्हणायचो, गावाला त्या सोजराबाई. दर उन्हाळ्यात यांनी रजा काढायची, मी पिशव्या भरायच्या, आणि आत्याबाईंनी ओट्यावरून म्हणायचं, "तुमी जा. म्या हाय. घराला कुलूप लावायचं न्हाई." त्यांना एकटं टाकून जायला यांचं मन होत नसे. पिशव्या पुन्हा रिकाम्या.

आणि रोज संध्याकाळी मी शाळेतून येताना ओट्यावर त्या. रस्त्याकडे डोळे लावून. सून किती वाजता येते, त्याची हजेरी घेतात, असंच मला वाटायचं.

जानेवारीत गेल्या. रडले, खरंच रडले. पण थोडं सुटल्यासारखंही वाटलं होतं. लिहिलं एकदाचं. आता खोडणार नाही.

७ मे, बुधवार

संतराम सुतार आला. चौकटीवरून हात फिरवून म्हणाला, "बाई, हितं कडी होती की. कुनीतरी पहारीनं उपटून काढली. लाकूड बी चिरलंय, वरून रंग मारला म्हनून दिसत न्हाई."

यांना विचारलं. "आईनं काढली आसंल. काहून, ते तिलाच ठाव."

दिवसभर डोकं तापलेलं. म्हणजे मुद्दाम! घर बंदच होऊ नये, म्हणजे सून कुठं जाणार नाही. अठ्ठावीस उन्हाळे! गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले.

८ मे, गुरुवार

आत्याबाईंच्या पेटीत डांबराच्या गोळ्या टाकायला गेले. लुगड्यांच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड लागलं. तीच कडी. कोयंड्यासकट. तेल लावून ठेवलेली, गंजाचा ठिपका नाही. ज्याचा राग असतो ते कुणी असं जपून ठेवतं का? काही समजेना.

संतराम नवी घेऊन आला होता. त्याला म्हटलं, हीच बसव.

९ मे, शुक्रवार. गाडीत.

अक्षर हलतंय. गाडीमुळे.

सकाळी मिराबाई कोंबड्या न्यायला आली. दारावरची कडी पाहून थबकली. "ही तर तुझ्या सासूनं माझ्यापुढंच उपटली व्हती. तुझा पयला उन्हाळा. डी.एड.चा पेपर देऊन आलीस, घरची समदी हळद शिजवायला रानात, दाराला कुलूप. ऊन लागून ओट्यावर पडलीस."

मिराबाईनं पाजलेलं पाणी तेवढं मला आठवतं; दारावरचं कुलूप मी विसरूनच गेले होते. पुढचं आज ऐकलं.

"सोजराबाईनं तुला आत निजवलं आन पहार घेतली. म्हनली, लेकरू दमून यावं आन त्याला कुलूप दिसावं, हे पुन्हा न्हाई व्हायचं. तवापासून तू यायच्या टायमाला रानातलं काम टाकून घरी यायची."

मी ओट्यावरच बसले. हे म्हणाले, गाडी चुकेल. चुकू दे म्हटलं.

मग कुलूप लावलं. चावी मिराबाईच्या हातात दिली. म्हटलं, एकवीस तारखेला चारच्या गाडीनं येऊ. तू तासभर आधी येऊन दार उघड आणि ओट्यावर बस.

काहून, असं तिनं विचारलं नाही. "बसते," म्हणाली.